छेद शहाणे, अंश अवखळ : बर्नुली संख्या हातानं काढायची कृती

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात सुरुवातीच्या काळात गणित शिकवणाऱ्या तिघांची गावं बघा. टिळकांचं मूळ गाव चिखलगाव. १८९० मध्ये ते राजीनामा देऊन बाहेर पडले आणि १८९१ मध्ये गणित शिकवायला आले धोंडो केशव कर्वे, ते मुरुडचे. कर्व्यांच्याच नात्यातले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८७६ साली आंजर्ल्याजवळच्या मुर्डीत जन्मले, १८९९ मध्ये केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत बर्टविसल नावाच्या इंग्रजाच्या बरोबरीनं पहिले आले आणि १९०२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. तिन्ही गावं दापोली तालुक्यातली. रँग्लर परांजप्यांचं नाव आमच्याकडे अजून निघतं, पण ते बक्षीस समारंभात. तिथे गणित कोणी करत नाही. म्हणून इथे करू.

करायचं आहे ते एका अपूर्णांकांच्या मालिकेचं. याकोब बर्नुली हा स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा. त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये, त्याचा ग्रंथ छापला गेला, त्यात ही मालिका आहे. जपानच्या सेकी ताकाकाझूच्या १७१२ च्या पुस्तकातही ती आहे, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. नाव मात्र बर्नुलीचं पडलं. १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं बॅबेजच्या नियोजित यंत्रासाठी पायरीवार कृती लिहिली, तीसुद्धा याच संख्या काढायची. आपण यंत्राशिवाय काढू.

साहित्य फार नाही. एक मोठा ताव आडवा धरून, पेन्सिल, खोडरबर, आणि लसावि काढायची सवय. कॅल्क्युलेटर लांब ठेवा. १/३ चे ०.३३३ केलेत की छेद हरवला, आणि या सगळ्या खटाटोपात छेद हीच मोलाची वस्तू आहे. वेळ म्हणाल तर जुलैतली, वीज गेलेली एक दुपार पुरते.

पायरी १ : पहिली ओळ

तावाच्या वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे लिहा :

१, १/२, १/३, १/४, १/५, १/६, १/७

हिला ओळ ० म्हणा. सात अपूर्णांक घेतले की सहाव्या बर्नुली संख्येपर्यंत पोचता येतं. बारावीपर्यंत जायचं असेल तर तेरा घ्यावे लागतील, पण पहिल्यांदा सातच घ्या. अपूर्णांकांमध्ये बोटभर जागा सोडा, खाली छेद फुगणार आहेत.

पायरी २ : वजाबाकी आणि गुणाकार

शेजारच्या दोन अपूर्णांकांपैकी डाव्यातून उजवा वजा करा. आलेल्या उत्तराला डाव्या अपूर्णांकाच्या जागेच्या क्रमांकानं गुणा. पहिल्या जागेवर असेल तर १ नं, दुसऱ्या जागेवर असेल तर २ नं, तिसऱ्या जागेवर असेल तर ३ नं. उत्तर डाव्या अपूर्णांकाच्या बरोबर खाली लिहा. प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एका अपूर्णांकानं आखूड होते.

ही पद्धत आकियामा आणि तानिगावा या दोन जपानी गणितज्ञांच्या नावानं ओळखली जाते. बर्नुलीनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी ती पुढे आली. जुन्या पुस्तकांतली रीत मागच्या सगळ्या संख्या दर वेळी नव्यानं बेरजेत ओढते. इथे फक्त शेजारी बघायचा असतो.

सात अपूर्णांकांचा ताव असा भरतो :

ओळ ० : १, १/२, १/३, १/४, १/५, १/६, १/७
ओळ १ : १/२, १/३, १/४, १/५, १/६, १/७
ओळ २ : १/६, १/६, ३/२०, २/१५, ५/४२
ओळ ३ : ०, १/३०, १/२०, २/३५
ओळ ४ : −१/३०, −१/३०, −३/१४०
ओळ ५ : ०, −१/४२
ओळ ६ : १/४२

एक जागा उलगडून बघू. ओळ २ मधली चौथी जागा २/१५ आणि पाचवी ५/४२. दोघांचा लसावि २१०. २८/२१० मधून २५/२१० गेले, राहिले ३/२१०. जागा चौथी, म्हणून ४ नं गुणले, १२/२१०. अतिसंक्षिप्त रूप २/३५. ते ओळ ३ मध्ये चौथ्या जागी बसलं. प्रत्येक जागी असं अतिसंक्षिप्त रूप तिथल्या तिथे द्या, नाहीतर पाचव्या ओळीत छेद हाताबाहेर जातात.

सगळ्यात डावीकडचा उभा स्तंभ वाचा : १, १/२, १/६, ०, −१/३०, ०, १/४२. ओळीचा क्रमांक हाच संख्येचा क्रमांक, म्हणून ओळी ० पासून मोजल्या. चौथी बर्नुली संख्या −१/३०, सहावी १/४२. काही पुस्तकांत पहिली संख्या −१/२ अशी दिसेल. तो नुसता संकेताचा फरक आहे. पुढची पायरी +१/२ नं सरळ चालते, म्हणून आपण तीच ठेवू.

तेरा अपूर्णांकांनी सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडी सूट आहे. एकूण ७८ वजाबाक्या होतात, पण ओळ १ म्हणजे ओळ ० च एक घर सरकलेली, आणि ओळ २ मध्ये क्रमानं १/(२×३), २/(३×४), ३/(४×५), ४/(५×६) असंच येतं. त्या दोन ओळी हिशेबाशिवाय लिहिता येतात. उरतात ५५.

पायरी ३ : चूक पकडणं

अपूर्णांकांच्या हिशेबात चूक होणारच, आणि ती सहसा चौथ्या ओळीनंतर, उण्यातून उणं वजा करताना होते. या मालिकेची खुबी अशी की ती स्वतःचा हिशेब स्वतः तपासते.

पहिली तपासणी सोपी. १ सोडून सगळ्या विषम क्रमांकांच्या संख्या शून्य असतात. म्हणजे ओळ २, ओळ ४, ओळ ६ अशा प्रत्येक सम ओळीत पहिले दोन अपूर्णांक सारखे यायला हवेत. ओळ २ मध्ये १/६, १/६. ओळ ४ मध्ये −१/३०, −१/३०. नाही आले तर पुढे जाऊ नका, मागची ओळ पुन्हा करा.

दुसरी तपासणी जास्त मजेची आहे. क्लाउझेन आणि फॉन श्टाउट या दोन गणितज्ञांनी १८४० मध्ये वेगवेगळं काम करून ती सिद्ध केली. सम क्रमांक घ्या. त्याचे सगळे विभाजक लिहा. प्रत्येकात १ मिळवा. आलेल्यांपैकी ज्या मूळ संख्या असतील त्यांचा गुणाकार म्हणजे त्या बर्नुली संख्येचा छेद. संख्या काढायच्या आधी छेद कळतो!

बारावी संख्या घेऊ. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२. एकेक मिळवला, २, ३, ४, ५, ७, १३. यातला ४ मूळ नाही, तो टाकला. २×३×५×७×१३ = २७३०. बाराव्या ओळीत छेद २७३० आला नाही तर कुठेतरी घोटाळा आहे. आठवीसाठी विभाजक १, २, ४, ८, एकेक मिळवून २, ३, ५, ९, मूळ २, ३, ५, छेद ३०. दहावीसाठी २, ३, ११ उरतात, छेद ६६. चौदावीसाठी फक्त २ आणि ३, कारण ८ आणि १५ बाद. छेद ६. मी तर ताव सुरू करतानाच उजव्या समासात हे छेद पेन्सिलीनं लिहून ठेवतो.

याच प्रमेयाचा उरलेला भाग अंशावरही नजर ठेवतो. बर्नुली संख्येत त्या मूळ संख्यांचे व्यस्त मिळवले की उत्तर पूर्णांक येतं. सहावीत १/४२ + १/२ + १/३ + १/७ = (१ + २१ + १४ + ६)/४२ = १. बाराव्या संख्येचं उत्तर −६९१/२७३० असं येतं. त्यात १/२, १/३, १/५, १/७, १/१३ मिळवा. २७३० छेदावर त्यांचे अंश १३६५, ९१०, ५४६, ३९०, २१०, बेरीज ३४२१. ३४२१ − ६९१ = २७३०, म्हणजे पूर्ण १. चिन्ह चुकून +६९१ धरलंत तर ४११२ येतात, त्यांना २७३० नं भाग जात नाही, आणि चूक उघडी पडते.

तुमच्या तावावर शेवटी एवढं असलं पाहिजे : दुसरी १/६, चौथी −१/३०, सहावी १/४२, आठवी −१/३०, दहावी ५/६६, बारावी −६९१/२७३०. चिन्हं आलटून पालटून. चौदावी ७/६ आहे, ती आयती घ्या.

पायरी ४ : घातांच्या बेरजा

बर्नुलीला या संख्या सापडल्या त्या बेरजेच्या सूत्रांतून. चौकोनी बैठकीवर नारळांचा ढीग रचला, तळाला १० × १०, त्यावर ९ × ९, असं टोकाच्या एका नारळापर्यंत. एकूण किती? १ ते १० च्या वर्गांची बेरीज. वर्गांच्या आणि घनांच्या बेरजेच्या रीती आर्यभटानं ४९९ मध्ये दिल्या आहेत, आणि ११५० च्या लीलावतीत भास्कराचार्यांनीही. चौथ्या, पाचव्या, दहाव्या घातासाठी दर वेळी नवी रीत शोधायची नसेल तर तावाकडे या.

वर्गासाठी मेरुप्रस्ताराची, म्हणजे पास्कलच्या त्रिकोणाची, ३ ची ओळ घ्या : १, ३, ३, १. शेवटचा १ सोडा. उरलेल्यांना क्रमानं १, १/२, १/६ नं गुणा : १, ३/२, १/२. सगळ्यांना ३ नं भागा : १/३, १/२, १/६. हे सहगुणक झाले. पहिला न च्या घनाला, दुसरा वर्गाला, तिसरा न ला. न = १० ठेवा : ३३३ १/३ + ५० + १ २/३ = ३८५ नारळ.

घनांसाठी ४ ची ओळ, १, ४, ६, ४. गुणायचं १, १/२, १/६, ० नं, भागायचं ४ नं. सहगुणक १/४, १/२, १/४, ०. न = १० ला २५०० + ५०० + २५ = ३०२५, म्हणजे ५५ चा वर्ग.

आता बर्नुलीची फुशारकी. त्यानं लिहून ठेवलं आहे की पहिल्या हजार संख्यांच्या दहाव्या घातांची बेरीज आपण साडेसात मिनिटांच्या आत केली. खोटं वाटतं, पण करून बघा. ११ ची ओळ १, ११, ५५, १६५, ३३०, ४६२, ४६२, ३३०, १६५, ५५, ११. तावावरच्या संख्यांनी गुणून ११ नं भागलं की सहगुणक उरतात १/११, १/२, ५/६, −१, १, −१/२, ५/६६. ते अनुक्रमे न च्या अकराव्या, दहाव्या, नवव्या, सातव्या, पाचव्या, तिसऱ्या आणि पहिल्या घाताला लावायचे. न = १००० असल्यामुळे घात म्हणजे नुसती शून्यं, आणि आकडे तीन-तीनांच्या गटांत मांडले की हिशेब डोळ्यांनी होतो.

एकावर तेहतीस शून्यं भागिले ११ :
९० ९०९ ०९० ९०९ ०९० ९०९ ०९० ९०९ ०९० ९०९ ०९०.९०…

त्यात एकावर तीस शून्यांची निम्मी आणि एकावर सत्तावीस शून्यांच्या ५/६ मिळवा :
९१ ४०९ ९२४ २४२ ४२४ २४२ ४२४ २४२ ४२४ २४२ ४२४.२४…

आता एकावर एकवीस शून्यं वजा करायची. उजवीकडून आठव्या गटातला २४२ चा २४१ होतो, बाकी काही हलत नाही. एकावर पंधरा शून्यं मिळवायची, सहाव्या गटाचा २४३ होतो. पन्नास कोटी वजा करायचे, तिसऱ्या गटाचा ४२४ चा ९२४ होतो आणि चौथ्यातून एक उसना जाऊन २४१ राहतो. शेवटी ५/६६ गुणिले १००० म्हणजे ७५.७५… मिळवा. ४२४.२४… आणि ७५.७५… मिळून नेमके ५००. शेपटीचे सगळे दशांश एका फटक्यात नाहीसे होतात :

९१ ४०९ ९२४ २४१ ४२४ २४३ ४२४ २४१ ९२४ २४२ ५००

दहावी बर्नुली संख्या ५/६६ च्या जागी दुसरी काही असती तर हे दशांश बहुधा मिटले नसते.

पायरी ५ : बाराव्या ओळीतला ६९१

छेदांवर कायद्याचा अंमल आहे, अंशांवर नाही. दहावीपर्यंत अंश १, १, १, १, ५ असे गरीब दिसतात आणि बारावीला अचानक ६९१ ही मूळ संख्या उभी राहते.

इथे फर्ग्युसनकडे परत यावं लागतं. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी १९०७ मध्ये स्थापन झाली. तिचे सभासद देशभर विखुरलेले होते, पण तिचं ग्रंथालय परांजप्यांच्या कॉलेजात, पुण्याला होतं. याच सोसायटीच्या नियतकालिकात १९११ मध्ये श्रीनिवास रामानुजनचा पहिला निबंध छापून आला. विषय, बर्नुली संख्यांचे काही गुणधर्म. छेदांत २ आणि ३ एकेकदाच येतात वगैरे गोष्टी त्यात आहेत. तुम्ही आत्ताच पायरी ३ मध्ये त्या पाहिल्या : १ आणि २ हे प्रत्येक सम संख्येचे विभाजक, एकेक मिळवला की २ आणि ३ येणारच.

पण त्याच निबंधात रामानुजननं असंही म्हटलं की सम क्रमांकाच्या बर्नुली संख्येला तिच्या क्रमांकानं भागून अतिसंक्षिप्त रूप दिलं तर अंश मूळ संख्या असतो. बाराव्याला ६९१, ठीक. चौदाव्याला १/१२, अंश १, तोही सोडून देऊ. विसाव्याला मात्र गाडी घसरते. विसावी संख्या −१७४६११/३३०. २० नं भागून अंश तोच राहतो, आणि १७४६११ = २८३ × ६१७. गुणून बघा : २८३ × ६०० = १६९८००, २८३ × १७ = ४८११. रामानुजनसारख्याला अंशानं चकवलं, यावरून अंशांचा स्वभाव कळावा.

त्याच रामानुजनला पुढे ६९१ वेगळ्याच जागी भेटला. क्ष × (१ − क्ष) चा चोविसावा घात × (१ − क्ष वर्ग) चा चोविसावा घात × … असा न संपणारा गुणाकार घ्या आणि उलगडा. क्ष वर्गाचा सहगुणक −२४, क्ष घनाचा २७६ − २४ = २५२. हे दोन हातानं निघतात. आता २ च्या विभाजकांच्या अकराव्या घातांची बेरीज १ + २०४८ = २०४९. फरक २०४९ + २४ = २०७३, म्हणजे ३ × ६९१. ३ साठी १ + १७७१४७ = १७७१४८, त्यातून २५२ गेले, १७६८९६, म्हणजे २५६ × ६९१. पुढची कुठलीही संख्या घ्या, फरकाला ६९१ नं भाग जातोच. हे सूत्र १९१६ च्या सुमाराचं. नारळांच्या ढिगाशी याचा काय संबंध, असं कोणी विचारलं तर एवढंच सांगता येईल की दोन्हीकडे बारावी बर्नुली संख्या कामाला लागली आहे.

पायरी ६ : ताव घेऊन फर्माकडे

दोन घनांची बेरीज घन होत नाही, दोन पाचव्या घातांची पाचवा घात होत नाही, शून्य सोडून कुठल्याच पूर्णांकांसाठी नाही. फर्माचं हे विधान दोनाच्या वरच्या सगळ्या घातांसाठी सिद्ध करायला अँड्र्यू वाइल्सचं १९९५ साल उजाडावं लागलं. पण १८५० मध्येच कुमर या जर्मन गणितज्ञानं मोठा पल्ला मारला होता, आणि त्याची कसोटी तुमच्या तावावर लावता येते.

एक विषम मूळ संख्या घ्या. तिच्यातून ३ वजा करा. दुसऱ्या संख्येपासून त्या क्रमांकापर्यंतच्या सम क्रमांकांच्या बर्नुली संख्यांचे अंश तपासा. एकालाही तुमच्या मूळ संख्येनं भाग जात नसेल तर ती नियमित, आणि तिच्यासाठी फर्माचं विधान खरं, हे कुमरचं प्रमेय. ५ साठी फक्त दुसरी बघायची, अंश १. ७ साठी चौथीपर्यंत, अंश १, १. ११ साठी आठवीपर्यंत, सगळे १. १३ साठी दहावीपर्यंत, त्यातल्या ५ ला १३ नं भाग जात नाही. १७ साठी चौदावीपर्यंत जा. ६९१ ला १७ नं भागलं तर ११ उरतात, आणि ७ चा प्रश्नच नाही. एका तावावर पाच घात निकालात निघाले. कुमरची सिद्धता अवघड आहे, तिची अट तपासणं मात्र नववीच्या मुलाला जमेल.

पुढे १९, २३, २९, ३१ निर्वेध जातात. ३७ ला अडतं. तिच्यासाठी ३४वीपर्यंत अंश तपासायचे, आणि ३२वी संख्या आहे −७७०९३२१०४१२१७/५१०. हातानं ३२वी ओळ गाठायच्या नादी लागू नका, ही आयती घ्या. छेद मात्र पडताळा : ३२ चे विभाजक १, २, ४, ८, १६, ३२, एकेक मिळवून २, ३, ५, ९, १७, ३३, मूळ २, ३, ५, १७, गुणाकार ५१०. अंशाला ३७ नं भाग जातो का हे बघायची युक्ती अशी. २७ × ३७ = ९९९, म्हणून उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट करून बेरीज घ्यायची. ७ + ७०९ + ३२१ + ०४१ + २१७ = १२९५. आणि १२९५ = ३५ × ३७. भाग गेला. ३७ अनियमित ठरली, आणि तिच्यासाठी कुमरला वेगळी वाट काढावी लागली.

शंभराच्या आत अशा आणखी दोनच, ५९ आणि ६७. पहिली ४४व्या संख्येच्या अंशात सापडते, दुसरी ५८व्या. अनियमित मूळ संख्या कधीच संपत नाहीत हे येन्सेन नावाच्या डेन्मार्कच्या गणितज्ञानं १९१५ मध्ये सिद्ध केलं. मोजत गेलं तर नियमित जास्त भेटतात, पण त्या अनंत आहेत याची सिद्धता अजून कोणाकडे नाही.